खाणी पुन्हा सुरू होत आहेत. धाकट्या भावाने ट्रक घ्यावा का?

सत्तरीतला थोरला

सर्वांना नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, परंतु आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत सध्या तोच चर्चेत असावा, म्हणून इथे मांडतो.

आमचे घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, होंड्यापासून फारसे दूर नसलेल्या एका वाड्यावर आहे. आई, वडील, मी, पत्नी, दोन मुले आणि अजून लग्न न झालेला धाकटा भाऊ अशी आम्ही सात माणसे. २००९ च्या मार्चमध्ये वडिलांनी खनिज वाहण्यासाठी १८ लाखांचा टिपर (मागची पेटी उचलून माल ओतणारा ट्रक) घेतला. ३ लाख घरचे घातले आणि १५ लाख बँकेकडून १२ टक्क्यांनी, पाच वर्षांच्या मुदतीने उचलले. महिन्याचा हप्ता ३३ हजारांच्या थोडा वर जात असे. साडेतीन वर्षे एकही हप्ता चुकला नाही, उलट त्याच कमाईतून घरावर स्लॅब पडला. मग १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने लोहखनिजाचे खाणकाम थांबवले आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला. त्या वर्षी चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. त्यामुळे ती बातमी आणि माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या छताचे) सामान आमच्या घरात जवळजवळ एकाच वेळी आले. कर्जाचे साडेपाच लाख तेव्हा फिटायचे होते.

पुढचे आपणा सर्वांना ठाऊक आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली, परंतु प्रत्यक्ष फेऱ्या मिळायला पुढचे वर्ष उजाडले, आणि १६ मार्च २०१८ पासून, पाडवा दोन दिवसांवर असताना, सगळे पुन्हा ठप्प झाले. आमचा ट्रक अंगणात इतका काळ उभा होता की एका कोंबडीने चालकाच्या आसनामागे अंडी घालायला सुरुवात केली होती. आई रोज सकाळी कॅबिनमध्ये चढून ती अंडी काढत असे. २०१९ साली आम्ही तो ट्रक भंगाराच्या भावापेक्षा जरा बऱ्या किमतीला विकला.

आता २०२२ च्या डिसेंबरापासून खाणपट्ट्यांचे लिलाव झाले आणि २०२४ साली डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. त्यामुळे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात १९ हजारांवर काम करणारा माझा भाऊ नवा टिपर घ्यायचा म्हणत आहे. ज्यांनी एकदा हात पोळून घेतले ते वडील, आश्चर्य म्हणजे, त्याच्याच बाजूने आहेत. आईने एवढेच सांगितले, "ट्रक आणा, पण अंगणात नको."

खाणी बंद करणे योग्य होते की अयोग्य, हा वाद कृपया इथे आणू नये. त्या दोन्ही बंदांच्या काळात तुमचे घर नेमके कशावर चालले, काय चुकले आणि आज तुम्ही भावाला काय सांगाल, एवढेच मला ऐकायचे आहे.

वाळवंटीकाठ

थोरले बाब, मी डिचोली तालुक्यातला. आमच्याकडे एक नव्हे, दोन ट्रक होते. पहिला ट्रक व्यवस्थित चालला, म्हणून त्याच्या कमाईच्या जोरावर दुसरा काढला. चूक मी पहिल्या ट्रकात केली नाही, ती दुसऱ्यात केली. चीनमधल्या मागणीमुळे हलक्या प्रतीच्या खनिजालाही भाव येत होता, आणि २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास माल बाहेर जात होता. रस्त्यावर ट्रकामागे ट्रक लागलेला पाहून हे कधी थांबेल असे कोणालाच वाटत नव्हते. खरे तर जो रस्ता एवढा भरून वाहतो तो असा कायम वाहणार नाही, हे आम्हाला त्या गर्दीवरूनच कळायला हवे होते. पण तेव्हा तसे कोणी बोलला असता तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते.

घर कशावर चालले हे सांगण्याआधी, ते जवळजवळ का मोडले हे सांगतो. बँकेच्या नोटिसा येऊ लागल्या तेव्हा मी त्या पत्नीपासून लपवल्या. घरात ठेवल्या तर सापडतील म्हणून ट्रकच्या कॅबिनमध्ये, आरशामागच्या खाचेत खोचून ठेवत असे. एके दिवशी माझा आठ वर्षांचा मुलगा चालक-चालक खेळायला वर चढला आणि चार लिफाफे हातात घेऊन खाली उतरला. तो ते सरळ आईकडे घेऊन गेला, कारण त्याला वाटले की टपालवाल्याने ते चुकून तिथे टाकले असावेत. त्या रात्री आमच्या घरात जे झाले ते लिहिण्यासारखे नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून हिशेबाची वही तिच्याकडे गेली, ती आजतागायत तिच्याकडेच आहे.

तिने पहिली गोष्ट केली ती अशी, की देणी फेडण्याचा क्रम बदलला. मी बँकेला घाबरून हाताला लागेल ते बँकेत भरत होतो आणि गावातल्या दुकानदाराला "पुढच्या महिन्यात" म्हणत होतो. तिचे म्हणणे असे, की बँक आपल्याला कधीच तांदूळ देणार नाही, तेव्हा ज्याच्या उधारीवर चूल पेटते त्याचे आधी द्यायचे, मग ते पाचशे रुपये का असेनात. बँकेत ती स्वतः गेली, व्यवस्थापकांसमोर वही उघडून बसली, आणि किती भरता येईल ते लेखी देऊन आली. पुढे २०१४ साली खाणग्रस्त कर्जदारांसाठी सरकारची कर्जसवलतीची योजना आली, तेव्हा आमचे कागद तिच्यामुळेच तयार होते. शेजारी मात्र जुन्या पावत्या शोधत बसले होते. एक ट्रक विकून दुसऱ्याचे कर्ज आम्ही मिटवले.

आणखी एक गोष्ट लिहावीशी वाटते. आम्ही मुंडकार. म्हणजे घर भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जागेत उभे, १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली ते नावावर करून घेण्याचे प्रकरण वर्षानुवर्षे पडून होते आणि त्याबद्दल माझा कायम संताप होत असे. पण ते माझ्या नावावर नव्हते म्हणूनच दुसऱ्या ट्रकासाठी मला ते गहाण टाकता आले नाही. तेव्हा हळहळलो होतो. आता त्याच घरात बसून हे लिहितो आहे.

निवृत्त शाखाधिकारी

मी एका बँकेच्या ग्रामीण शाखेत बरीच वर्षे काम केले. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून पाहिलेले लिहितो.

ट्रकसाठी कर्ज इतक्या सहज का मिळत असे, आणि काजूच्या बागायतीसाठी का मिळत नसे, हा प्रश्न सत्तरीतल्या लोकांनी मला अनेकदा विचारला. उत्तर सरळ आहे. ट्रक स्वतःच तारण असतो. नोंदणीच्या पुस्तकावर बँकेचा बोजा चढवला की काम झाले. काजूची बाग मात्र ज्या जमिनीत आहे ती मोकाशाची, आल्वाराची (दोन्ही पोर्तुगीज काळापासूनचे जमिनीचे प्रकार) किंवा सरकारच्या नावावर असते. तीन पिढ्या कसणाऱ्याचे नाव मालक म्हणून कागदावर येत नाही, आणि कागदाशिवाय आमचे हात बांधलेले असत. अशा रीतीने, ज्या वस्तूची किंमत दर वर्षी घटते तिच्यासाठी पैसा मिळत गेला आणि जे झाड वीस-पंचवीस वर्षे उत्पन्न देते त्याच्यासाठी मिळाला नाही. या पद्धतीत मीही एक सही करणारा होतो, हे नाकारत नाही.

आता आपल्या भावाचा हिशेब. समजा त्याने ३० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता ६५ हजारांच्या वर जातो. हा आकडा वितरकही सांगतो आणि बँकही. जे कोणी सांगत नाही ते असे, की आपल्याकडे खनिजाचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा असतो, आणि हप्ता मात्र बारा महिन्यांचा. वर्षभराचे हप्ते आठ महिन्यांत उभे करायचे तर चालू महिन्यात सुमारे ९८ हजार केवळ हप्त्यासाठी बाजूला काढावे लागतात. डिझेल, टायर, विमा, चालकाचा पगार, तंदुरुस्ती प्रमाणपत्र आणि घरखर्च त्याच्या वर. हे जमेल एवढ्या फेऱ्या आणि दर कोणी लेखी देत असेल तर अवश्य घ्यावा. तोंडी आश्वासनावर घेऊ नये.

कर्ज बुडाले त्या घरांत मी एक समान गोष्ट पाहिली. हप्त्याचा आकडा घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असे. वाळवंटीकाठ यांनी जे प्रामाणिकपणे लिहिले आहे ते मी निदान वीस घरांत पाहिले असेल, फक्त लिफाफे ठेवण्याच्या जागा वेगवेगळ्या होत्या.

पुरुमेंत

मी गृहिणी आहे. अशा चर्चेत कोणीतरी लगेच येऊन "शेतीकडे परत वळा, आपले पूर्वज पेज आणि सुक्या मासळीवर सुखात होते" असे सांगतो. अजून तसे कोणी लिहिलेले नाही, पण लिहिण्याआधीच माझे ऐकून घ्यावे.

आमच्या घरचे शेत खाणीच्या उताराखाली होते. पावसाळ्यात वरच्या ढिगाऱ्यावरची लाल माती वाहून येई आणि शेतात साचत जाई. सुरुवातीला सासरे ती फावड्याने ओढून बांधावर टाकत, नंतर ती गुडघाभर झाली. विहिरीचे पाणी खाणीचा खड्डा खोल गेल्यावर उतरले. खाण बंद पडली तेव्हा परत वळायला शेतच उरले नव्हते. ज्यांचे शेत, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) किंवा पुरण शेतीचा (नदीपात्रातल्या भातशेतीचा) तुकडा शाबूत होता त्यांची घरे तरली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ते त्यांच्या कष्टाइतकेच ते कुठे राहत होते यावर अवलंबून होते. त्यांना शहाणे आणि आम्हाला उधळे ठरवू नये.

आमचे घर कशावर चालले, तर फुटकळ गोष्टींवर. यजमान खाणीवर यंत्र चालवत असत. ते काम गेल्यावर दीड वर्ष ते हातात मिळेल ते करत होते, आणि नंतर किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात रात्रपाळीचे रखवालदार झाले. गृहिणींना दरमहा मदत देणारी राज्य सरकारची गृह आधार योजना खाणी बंद पडल्या त्याच वर्षी सुरू झाली होती. तिचे पैसे (आता १५०० रुपये मिळतात) बँकेत थेट माझ्या नावावर येत, म्हणून ते कर्जाच्या तोंडी गेले नाहीत. त्यातून गॅस आणि मुलीच्या वह्या निघत. मे महिन्यात मी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, मात्र कधी चुकवले नाही. सोलां, सुकी मासळी, तिरफळे, मीठ, उन्हात वाळवलेल्या आठळ्या, वर्षाची चिंच. पूर्वी हे सवयीने करत होते, २०१३ साली मोजून केले. पावसाळ्याच्या चार महिन्यांत बाजारातून काय आणावे लागणार नाही त्याची यादी मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे लिहिली होती. पाऊस लागला की तायकिळा (टाकळा) आणि आळू दारातच उगवते. ते फुकट असते, पण जून महिन्यात सलग पाचव्या दिवशी तायकिळ्याची भाजी ताटात पाहून मुलाने जे तोंड केले होते ते मला अजून आठवते. गरिबीची भाजी म्हणून तिचे कौतुक छापणाऱ्यांनी पाच दिवस खाऊन पाहावी.

त्या वर्षी चतुर्थीच्या आधी आम्ही चार बायकांनी रानात फिरून कांगले, माट्टी, कवंडाळे आणि आंबाडे गोळा केले आणि डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात बसलो. पहिल्या दिवशी मी पदर डोक्यावरून पुढे ओढून बसले होते, कारण ओळखीची माणसे दिसत होती. दुपारपर्यंत माल संपला, तेव्हा पदर कधी मागे गेला ते कळलेही नाही. पुढच्या वर्षापासून आमच्या स्वयंसाहाय्य गटाने नेवऱ्यांची (करंज्यांची) मागणी घेतली. ट्रक आणि यंत्रांच्या काळात ज्या घरांत नेवऱ्या विकत आणायची सवय लागली होती तीच घरे आमची गिऱ्हाइके झाली, हे सांगितले तर हसाल.

थोरल्या भावांनी आईचे वाक्य लिहिले आहे. मी त्यांच्या जागी असते तर तिला एकटीला बसवून विचारले असते की अंगणात का नको. तुम्ही सोन्याचा उल्लेख केलेला नाही. आमच्याकडे पहिली दोन वर्षे ट्रकाआधी सोने गेले होते.

टायरवाला

माझे गावठणावर टायर पंक्चरचे दुकान होते. कर्ज नव्हते, ट्रक नव्हता, जमीन नव्हती. बंदीनंतर मदतीच्या याद्या झाल्या त्यांत ट्रकमालक होते, बार्जमालक होते, खाणीचे कामगार होते. रस्त्यावर चहा विकणारी बाई, वेल्डिंगवाला आणि मी कोणत्याच यादीत बसलो नाही. माझ्याकडच्या उधारीच्या वहीत अकरा ट्रकमालकांची नावे होती. त्यांतल्या तिघांनी पुढे पैसे आणून दिले, एकाने फणस आणून दिले. भावाने ट्रक घेतलाच तर टायरवाल्याची उधारी ठेवू नये, एवढीच विनंती.

तेरेखोलकाठचे आजोबा

माझा जन्म १९४६ चा, पेडणे महालातला. नातू हे वाचून दाखवत होता, म्हणून त्याच्याकडूनच हे टंकून घेत आहे.

तुम्ही ज्याला बंद म्हणता तसा एक बंद आम्हीही पाहिला, फक्त तो खाणीचा नव्हता, सीमेचा होता. १९५५ साली सत्याग्रहानंतर भारत सरकारने गोव्याची सगळी नाकेबंदी केली, मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारी रेल्वे थांबली आणि मुंबईहून येणारा पैसा अडला. माझे वडील मुंबईत गिरणीत होते. आमच्यासारख्या घरांत दर महिन्याला येणारी मनिऑर्डर हेच उत्पन्न होते. ती थांबल्यावर आईने जे केले ते आजच्या हिशेबात फार मोठे वाटणार नाही. तिने भात विकणे बंद केले, दोन वेळची पेज केली, आणि पेजेत तांदूळ किती घालायचा ते मोजायला एक नारळाची करवंटी ठरवली. ती करवंटी चुलीमागे खुंटीला असे आणि आम्हा मुलांना तिला हात लावायची बंदी होती. पोर्तुगीज सरकारने परदेशातून माल आणला. बाजारात हॉलंडचे बटाटे आणि ब्रह्मदेशचा तांदूळ दिसू लागला. बटाटे आम्ही बघायला जात असू. रात्री नदीपलीकडून काय काय येत असे त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

हे सांगण्याचे कारण वेगळे आहे. त्याच वर्षांत माझे मामा डिचोलीच्या बाजूला 'मिनेर', म्हणजे खाणीवर, गेले. जपानला माल जाऊ लागला होता आणि हाताला रोख मजुरी मिळत होती. मामी डोक्यावर टोपलीने दगड वाहत असे. त्या मजुरीतून त्यांनी आमच्या घरी दोनदा तांदूळ पाठवला. म्हणून खाण हा शब्द ऐकला की तुमच्यातल्या काहींना कर्ज आठवते, काहींना लाल माती. मला मामीने पाठवलेले ते पोते आठवते. तुमचे वडील मुलाच्या बाजूने का आहेत याचे तुम्हाला आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. ज्या माणसाने साडेतीन वर्षे एकही हप्ता न चुकवता घरावर स्लॅब घातला, त्याला ती वर्षे त्याच्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षे वाटत असणार. त्यांच्याशी बोलताना हे लक्षात ठेवा.

सत्तरीतला थोरला

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण इथले सगळे मी घरात मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यावर बोलणे बरेच लांबले.

पुरुमेंत ताई, आईला एकटीला विचारले. सोन्याचे मी मुद्दाम लिहिले नव्हते. मंगळसूत्र सोडून तिचे सगळे सोने पतपेढीत तारण पडले होते आणि पाटल्या सोडवण्याची मुदत टळली, एवढे मला ठाऊक होते. जे ठाऊक नव्हते ते असे, की त्या पाटल्या तिच्या आईच्या होत्या आणि धाकट्याच्या लग्नात सुनेच्या हातात घालायच्या म्हणून तिने राखून ठेवल्या होत्या. धाकट्यालाही हे पहिल्यांदाच कळले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

शाखाधिकारी साहेबांचा हिशेब भावाने स्वतः वहीत उतरवून काढला, बारा महिन्यांचे हप्ते आठ महिन्यांवर वाटून. मला वाटले होते की वडील चिडतील. त्यांनी वही ओढून घेतली, चष्मा लावला आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांपुढे किराणा, शाळा आणि औषधे असे आकडे लिहिले, जे भावाने धरलेच नव्हते. मग टायरचा आकडाही दुरुस्त केला. त्यांच्या मते तो निम्माच होता. आजोबांनी लिहिलेले मी त्यांना शेवटी वाचून दाखवले. त्यावर ते म्हणाले, "स्लॅब अजून एकदाही गळला नाही," आणि बाहेर निघून गेले.

भावाने ठेकेदाराकडे फेऱ्यांची संख्या आणि दर लेखी मागितले आहेत. अजून आलेले नाहीत. ते येईपर्यंत तो सही करणार नाही आणि कारखान्यातली नोकरीही सोडणार नाही, एवढे ठरले आहे. दरम्यान दोन घरांनी मिळून एक जुना टिपर बँकेच्या कर्जाशिवाय घ्यावा, अशी एक कल्पना वडिलांनी काढली आहे. अशी भागीदारी कोणी केली असल्यास दुरुस्तीचा खर्च आणि फेऱ्यांचे पैसे आपसांत कसे वाटले, ते कृपया लिहावे. उभा कुठे करायचा, हे आईला विचारून ठरवू.